कच्ची वही

सकाळी सहा

डिसेंबरात नाशिकला सहाला धड उजाडलेलं नसतं. एका शेगडीवर चहा, दुसरीवर तवा, आणि मिसळणाच्या डब्याला टेकवून उभी केलेली दोनशे पानी वही. पोळ्या लाटता लाटता मी कालचं पान वाचते. पानावर फार काही नसतं. चार-पाच ओळी, त्याही धावत्या गाडीत लिहिलेल्या, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कालच्या ओळी अशा: ‘तिसरी, गृहपाठ. ५२ वजा २७. पाच जणांचं उत्तर ३५. पाचही वेगवेगळ्या पाड्यांवरचे, म्हणजे एकमेकांचं बघून नाही. चुकून चुकलेले दिसत नाहीत. उद्या विचारायचं.’

ही माझी कच्ची वही. पक्की म्हणजे टाचणवही. तिला तारीख, घटक, उद्दिष्टं, साहित्य असे रकाने आहेत, तिच्यावर सही होते, आणि तिच्यात माझा प्रत्येक पाठ यशस्वी झालेला आहे. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेतली कुठलीही टाचणवही उघडा, नापास झालेला पाठ सापडणार नाही. त्यात खोटेपणा आहे असंही मी म्हणणार नाही. जे तपासलं जाणार असतं ते माणूस तपासणाऱ्यासाठी लिहितो, एवढंच.

सव्वाआठ

पंचवटीत पेठ फाट्यावर आमची गाडी मला घेते. पाच जणांत एक ईको, डिझेल-बिझेल सगळं वर्गणीतून... चुकले, ती सीएनजीवर चालते. पैसे मोजणारे सर मला कायम दुरुस्त करतात. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांवर गावच्या पारापासून विधानसभेपर्यंत सगळे बोलतात. मुख्यालयी राहावं असा नियम आहे आणि त्यावर माझं मत मी इथे लिहिणार नाही, कारण ते लिहायला घेतलं तर शाळा राहून जाईल. एक मात्र सांगते. जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं शिक्षक-प्रशिक्षण पेठ रोडवरच्या गाड्यांत होतं, आणि सगळ्यात वायफळ बोलणंही तिथेच होतं. सकाळची फेरी बहुतेक दुसऱ्या प्रकारची. रासेगाव, उमराळे मागे पडेपर्यंत बदल्या, मतदारयादीची (बीएलओ) कामं, थकलेली बिलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंडोरीच्या द्राक्षबागा. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, आता घडांची विरळणी आणि ते संजीवकात बुडवायची, म्हणजे डिपिंगची, घाई. त्या कामावर वाकलेली माणसं पेठ-सुरगाण्याची असतात. भात झोडपून झालं, दिवाळी सरली की पाडेच्या पाडे खाली येतात, आणि कडेवरच्या पोरांबरोबर शाळेतली पोरंही येतात. कधीकधी मी बागेच्या कडेला आमच्या शाळेचा गणवेश बघते. अंगात तो, हातात पाण्याचा ड्रम. सावळघाट ओलांडला की बागा संपतात, कापून मोकळी झालेली भाताची खाचरं सुरू होतात. करंजाळीला दोघे उतरतात. मी त्याच्या पुढे.

साडेदहा

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, हजेरी. आज पटावरच्या नऊ जागा रिकाम्या. परिपाठाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तो होतो.

अकरा

द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. चौथीला गुणाकार फळ्यावर लिहून दिले आणि तिसरीतल्या एका मुलीच्या शेजारी सतरंजीवर बसले. वही तिच्यापुढे ठेवून म्हटलं, हे गणित तू मला शिकव. मला येत नाही असं समज.

ती लगेच शिकवायला लागली. “दोनातून सात जात नाही. म्हणून सातातून दोन घालवायचे. पाच. मग पाचातून दोन गेले, तीन.” सूर थेट माझा. बोट फळ्यावर ठेवतात तसं वहीवर ठेवलेलं.

यात गोंधळ नाही, नियम आहे. वजाबाकीची सुरुवात करताना महाराष्ट्रातल्या वर्गावर्गात एक वाक्य घुमतं: मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. ते तिने मन लावून ऐकलं. एककाच्या घरात मोठा सात, लहान दोन, नियम पाळला. १९७८ साली अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी शाळकरी मुलांच्या वजाबाक्या बारकाईने तपासून दाखवलं होतं की मुलांच्या चुका बऱ्याचदा अंदाधुंद नसतात. मूल एक चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं, आणि वरच्या-खालच्या अंकांतल्या मोठ्यातून लहान काढणं हा त्यातला नेहमी आढळणारा नियम. म्हणजे पेठ तालुक्यातली ही पोरगी एकटी नाही. लाल शाईने चूक करून ‘हातचा घे’ असं लिहिलं असतं तर तिला काय कळलं असतं? तिच्या हिशेबाने तिचं बरोबरच आहे.

मग गणित पेटीतल्या खेळातल्या नोटा काढल्या. दहाच्या पाच, एकची दोन नाणी. मी दुकानदार, ती गिऱ्हाईक. सत्तावीस रुपयांचा माल झाला: तेलाची पुडी, बिस्किटं, आणि तिच्या आग्रहाखातर एक शांपूची पुडी. तिने दहाच्या तीन नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि स्वतःचा तळवा पुढे केला. मी काहीच देत नाही असं बघून म्हणाली, “तीन द्या ना परत.” दिले. उरले किती? तिने नोटांना बोट लावलं, वीस, नाण्यांना लावलं, पंचवीस.

“मग वहीत पस्तीस कसे?”

तिने वहीकडे पाहिलं, नोटांकडे पाहिलं. जराही न गडबडता म्हणाली, “ते वहीतलं आहे.”

हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. नुनेस, कॅराहर आणि श्लीमन या तिघांचं काम. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलताना मुलांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तशीच गणितं कागदावर मांडून दिली तेव्हा ३७ टक्के. मुलं तीच, आकडे तसेच. आमच्याकडची पोरं आठवडे बाजारात आईबरोबर बसतात, किराणा आणतात. त्यांचं दुकान शाबूत आहे. अडतं ते दुकान आणि वही यांच्यामधल्या दारात.

आणि ते दार मी समजत होते तिथे नाहीच. पुस्तकातली रीत म्हणते, पाच दशकांतला एक दशक मोड, त्याचे दहा सुटे कर, बारातून सात काढ. पोरीने दशक मोडलाच नाही. तिने वरची पूर्ण नोट दिली आणि मोड परत घेतली. दोन्ही रीती बरोबर, पण वेगळ्या. नोटा हातात दिल्या की वजाबाकी आपोआप समजेल, असं प्रशिक्षणात साहित्यपेटीबद्दल सांगतात. तसं होत नाही. नोटांमुळे तिला तिची रीत आठवली, पुस्तकाची नाही. आता ठरवायचं आहे की तिची रीत वहीत उतरवायला शिकवू, की दुकानदाराकडे मोड नाही असं सांगून तिला नोट मोडायला लावू.

उरलेल्या चौघांपैकी तिघांचा नियम तोच निघाला. चौथ्याला विचारलं तर त्याने पाण्याच्या टाकीमागे बसून सकाळी सकाळी वही उतरवून घेतली होती. ‘एकमेकांचं बघून नाही’ हा माझा शोधनिबंध तिथेच संपला.

साडेबारा

चौथीचा परिसर अभ्यास. पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि एप्रिल लागला की बायका झिऱ्यावर वाटीने पाणी भरतात. मी विचारलं, इतका पाऊस पडतो, तो जातो कुठे?

नेहमीचे दोन हात वर. त्यांना थांबवलं आणि मनात मोजलं, एक, दोन, तीन. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतो आणि मग स्वतःच बोलतो किंवा दुसऱ्याला विचारतो. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलं तोंड उघडतात. वाचताना हे अगदी सोपं वाटतं. वर्गात तीन सेकंद म्हणजे काय ते उभं राहून बघावं. मागून कोणी ढकलतंय असं वाटतं.

तीन झाले, चौथा झाला. खिडकीजवळचा, ज्याचा आवाज हजेरीलाच ऐकू येतो, तो म्हणाला, “खाली पळतो.” कुठे खाली? “गुजरातला.” बाकीचे हसले. पण त्याचं बरोबर आहे. इथलं पाणी दमणगंगेतून, पार नदीतून पश्चिमेला उतरतं. त्याचा काका वापीला कंपनीत आहे, तो नदी बघून आला आहे. पुढचा अर्धा तास त्याच्या काकाच्या रस्त्याने गेला. पुस्तकातलं पान झालं नाही. टाचणात मात्र आज ते झालं आहे.

दीड

खिचडी. चव घेऊन सही करायची असते, ती केली. तेवढ्यात फोनवर संदेश: अमुक माहिती दोनच्या आत लिंकवर भरावी, प्रथम प्राधान्य. सर टेकडीवरच्या आंब्याखाली गेले; लिंक उघडेल एवढी रेंज तिथेच येते.

सव्वादोन

गुरुवारी या वेळेला आम्ही चारही वर्ग एकत्र बसवतो. एकजण गोष्ट वाचून दाखवतो आणि दुसरा मागे बसतो. मागे बसणाऱ्याचं काम एकच. शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही. आधी ठरवलेल्या तीन मुलांकडे बघायचं आणि ती काय करतात ते लिहायचं. मत लिहायचं नाही. ही युक्ती आमची नव्हे, जपानी शिक्षकांची. तिथे एक पाठ सगळ्यांनी मिळून तयार करायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मुलांवर नजर ठेवायची आणि मग त्या पाठाचं काय झालं यावर बसून बोलायचं, ही पद्धत शंभरावर वर्षं रुजलेली आहे. १९९९मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या पुस्तकामुळे बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. तिथे खोलीत दहा-वीस शिक्षक असतात. आमच्याकडे एक सर, आणि त्यांच्या मांडीवर पहिलीतलं एक पोर.

तपासणीला आलेला माणूस शिकवणाऱ्याकडे बघतो. शेरेबुकात ‘पाठ चांगला झाला, फलकलेखन सुबक’ असं लिहून जातो. त्याचा मला राग नाही, पण उपयोगही नाही. सरांच्या पाठकोऱ्या कागदावर आज तीन मुलांपैकी एकाबद्दल असं होतं: ‘पुस्तक सुलटं धरलं. ओठ हलत होते. पान शेजारचा उलटेल तेव्हा उलटलं. अस्वलाच्या चित्रावर सगळे हसले तेव्हा एक क्षण उशिरा हसला.’

हा चौथीतला मुलगा सोमवारी परत आला. मोहाडीकडच्या बागेत आई-बापाबरोबर महिनाभर होता. जाताना त्याला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, म्हणजे ते दाखवून जिथे असेल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं. कार्ड त्याने जपून परत आणलं, घडी न मोडलेलं. दोन-तीन दिवस मी समजत होते की तो मजेत वाचतोय. ओठ हलत होते ना! सरांनी लिहिलेली ‘एक क्षण उशिरा’ ही तीन शब्दांची गोष्ट मला समोर उभं राहून दिसली नसती. समोरून सगळे वर्ग हसरेच दिसतात. सुट्टीआधी त्याला जवळ घेऊन साधे शब्द वाचायला दिले. जोडाक्षर आलं की थांबतो. सप्टेंबरात थांबत नव्हता.

आता यावर मी काय चिंतन करू? माझ्या शिकवण्यात फरक करून त्याचा महिना परत येणार नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे केलं ते आठवतं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं तेव्हा त्यांनी पालकांच्या नावाने बोटं मोडली नाहीत, बालवाडी वाडीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आपल्या कामाकडे पुन्हा बघणं म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण मला मराठीत माहीत नाही. पण ते करायला हाताशी संस्था होती, आणि कुरण जवळ होतं. मोहाडीची बाग माझ्या वर्गापासून दुसऱ्या तालुक्यात आहे. शिक्षकाने स्वतःच्या कामाचा विचार करावा असं सांगणारे लोक कधीकधी असं सुचवतात की सगळं त्याच्याच वहीत सुटेल. हे मी मान्य करत नाही. रिकामी पदं, स्थलांतर, मुलांच्या तीन किलोमीटरच्या वाटेतला ओढा या गोष्टी वहीने सुटत नाहीत. वहीचा उपयोग एवढाच की कुठली गोष्ट माझ्या हातातली आणि कुठली नाही, हे वेगळं लिहिलेलं राहतं. हातातली गोष्ट म्हणजे जोडाक्षरं. हातात नसलेली पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत मांडायची, तारखेसह.

पाच

गाडी. परतीची फेरी निराळी असते. सगळे दमलेले असतात म्हणून खरं बोलतात. करंजाळीला दोघे चढले. मी वही काढली तसे पैसे मोजणारे सर म्हणाले, “आलं यांचं कृतिसंशोधन.”

कृतिसंशोधनाला आमच्यात हसतात, त्याला कारण आहे. मी बी.एड. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून केलं. १९८९ साली राम ताकवले सरांच्या कुलगुरुपदाखाली नाशिकला सुरू झालेलं हे विद्यापीठ नसतं तर खेड्यापाड्यांतल्या माझ्यासारख्या कित्येक मास्तरांचं शिक्षण डी.एड.वरच थांबलं असतं. तिथे कृतिसंशोधन करायचं असतं: समस्या, कारणं, गृहीतक, पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी. मूळ कल्पना चांगली. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा म्हणणं साधंच होतं की शाळेचे प्रश्न शाळेतल्या माणसांनी स्वतः तपासावेत. पण आजवर मी पाहिलेल्या एकाही प्रकल्पात उत्तरचाचणीचे गुण घटलेले नाहीत. सगळ्यांचे सगळे उपाय लागू पडले आहेत. असं असतं तर आमच्या जिल्ह्यात एव्हाना वाचता न येणारं मूल शोधून सापडलं नसतं.

तेच आता ‘चिंतनशील शिक्षक’ या शब्दाचं होत आहे. २००९च्या राष्ट्रीय शिक्षक शिक्षण आराखड्यात तो आला, २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा अभ्यासक्रमात आला, २०२०च्या धोरणाने वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं त्यातही आला. प्रशिक्षणाच्या शेवटी ‘आज मी काय शिकलो’ असा कागद भरायचा असतो. हॉलच्या दाराशी एकाने भरलेला कागद चौघे उतरवतात, कारण साडेपाचची एसटी असते.

डोनाल्ड शॉन या अमेरिकन विचारवंताने १९८३च्या ज्या पुस्तकामुळे हा सगळा विषय जगभर पसरला त्यात मुळात शिक्षक फारसे नाहीतच. वास्तुरचनाकार आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, अभियंते आहेत. शॉनचं म्हणणं असं की कसलेला माणूस काम करता करताच विचार करतो. हात चालू असताना काहीतरी अनपेक्षित दिसतं आणि तो तिथेच वळतो. काम संपल्यावर मागे वळून बघणं हा दुसरा भाग. आमच्याकडे कागद फक्त दुसऱ्या भागाचा भरून घेतात. पहिला भाग कागदावर येत नाही, म्हणून तो मोजता येत नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. गुजरातला पळणाऱ्या पाण्यामागे अर्धा तास जावं की पुस्तकाचं पान उरकावं, हे कोणत्या फॉर्मवर भरणार?

मी ‘ते वहीतलं आहे’ वाचून दाखवलं. गाडीत हशा. मग मागच्या सीटवरच्या बाई, ज्या सातवीला गणित शिकवतात, म्हणाल्या की त्यांच्याकडची मुलं अजूनही तेच करतात, फक्त अपूर्णांकात. उमराळे येईपर्यंत वाद. बाईंचं म्हणणं, तिची मोड घेण्याची रीतच वहीत मांडायला शिकव: सत्तावीसला तीन मिळवून तीस, बावन्नातून तीस, बावीस, अधिक तीन. पैसेवाल्या सरांचं म्हणणं, परीक्षेत मांडणी बघतात, उगाच पोरीचं नुकसान करू नका. दोघांचंही बरोबर आहे, आणि हे बोलणं मला कुठल्याही हॉलमध्ये ऐकायला मिळालं नसतं.

सकाळचं गाऱ्हाणं आणि संध्याकाळचं हे, दोन्हींत शाळेबद्दलच बोलणं असतं. पण गाऱ्हाण्यात मूल नसतं. ‘पोरं लक्षच देत नाहीत’ यात एकही पोर दिसत नाही. ‘पाठ छान झाला’ यातही नाही. तिथे फक्त मी दिसते. मला जे थोडंफार सुधारता आलं ते या दोन वाक्यांच्या बाहेर पडल्यावर, म्हणजे ‘माझं शिकवणं कसं झालं’ हा प्रश्न सोडून ‘या पोरीने असं का म्हटलं’ हा धरल्यावर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या मनाप्रमाणे देऊ शकते. दुसऱ्याचं उत्तर तिलाच विचारावं लागतं, आणि ते जवळपास दर वेळी माझ्या अंदाजाहून निराळं निघतं.

पैसेवाले सर वही ठेवत नाहीत. “हे सगळं लिहीत बसलो तर शिकवू कधी?” असं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पण त्यांचं पाठ्यपुस्तक एकदा हातात घेऊन बघा. समासात पेन्सिलीने वर्षं आणि शब्द: ‘इथे अडतात’, ‘उदाहरण बदल’, ‘हे आधी, ते नंतर’. पुस्तक बदललं तेव्हा त्यांनी जुन्यातल्या खुणा बसून नव्यात उतरवल्या. याला ते चिंतन म्हणत नाहीत. बरं करतात.

साडेसात

घरी. फोनवर कोणीतरी ‘इयत्तानिहाय वर्णनात्मक नोंदी’ची पीडीएफ पाठवली आहे. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा हेतू असा होता की शिक्षकाने प्रत्येक मुलाला रोज बघावं आणि जे दिसलं ते त्या मुलाबद्दल लिहावं. आता नोंदी तयार मिळतात: ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’. नाव घालायची जागा मोकळी. सत्राअखेरीला मीही ती उघडते, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही. पण ‘एक क्षण उशिरा हसला’ हे कुठल्या पीडीएफमध्ये बसवणार?

कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाची आठवण अशा वेळी येते. लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये ती शाळा काढली, आणि मुलांच्या लिहिण्या-बोलण्यातून शिक्षकाने आपलं शिकवणं तपासावं हा तिथला रोजचा रिवाज होता. शाळा लहान, खासगी, शिक्षक निवडलेले. आमच्याशी तुलना होत नाही असं लोक म्हणतात. खर्चाची, पटाची तुलना नाहीच होत. पण मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायला दोन रुपयांचं पेन लागतं.

जेवणं झाली. टाचण उद्याचं लिहिलं, रकाने भरले. मग कच्ची वही. शुक्रवारसाठी:

‘चौथीतला, बागेतून आलेला. रोज दहा मिनिटं, जोडाक्षरं, शाळा भरायच्या आधी. गोष्टीचं पुस्तक घरी देणे. खिडकीजवळच्याला आणखी दोनदा थांबून बघणे. आजचं उत्तर काकामुळे आलं की थांबल्यामुळे?

‘वजाबाकी. ५२ वजा २७ नको, पंचवीस आता पाठ झालं असेल. दुकानदाराकडे मोड नाही. गिऱ्हाइकाने नोट मोडून आणायची. आधी नोटा, मग लगेच तेच वहीत. ६१ वजा ३४. ४३ वजा १८. तिसरं ७५ वजा ४२, मुद्दाम: यात मोडायला काही नाही, इथेही नोट मोडायला धावली तर तिला मोडणं कळलेलं नाही, नुसता नवा नियम मिळाला आहे. बाईंची रीत सोमवारी.’

पेटीतली एकची नाणी मोजली होती, अकराच उरली आहेत. एक नोट मोडली तरी दहा लागतात आणि मुलं पाच. सरांना फोन करून सांगायला हवं, सकाळी येताना घरून मूठभर चिंचोके आणा.